घायमारीचा लेप

शिंगाळ्याचा काटा लागला की काय हाल होतात, हे मासळी खाणाऱ्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ठाकूरद्वारच्या तळपद्यांकडे गुणवंती कोळीण सुजून टंब झालेला तळवा पदराखाली झाकून आली, तेव्हा सरोजिनीच्या आईनं पाटी उतरवायच्या आधीच तिला खाली दवाखान्यात जायला सांगितलं. खाली म्हणजे तळमजल्यावर. तिथं सरोजिनीचा मोठा भाऊ अच्युत डॉक्टरकी करत असे.

"नको गो बाय," गुणवंती म्हणाली. "दादांची सुई नको. हाय माझ्याकडे औषद."

चार-पाच दिवसांनी ती परत आली, तेव्हा त्याच हातानं पापलेट उलटून दाखवत होती. सूज पार उतरलेली. काटा रुतला होता तिथं फक्त एक सुकलेली खपली.

सरोजिनी परळच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर ती जंतू वाढवायची आणि मारायची. घरी आल्यावर आई तिला आधी हात धुवायला पाठवी, मग पाण्याचा तांब्या देई. असा हात बघून ती गप्प बसणं शक्यच नव्हतं. तिनं गुणवंतीचं मनगटच धरलं.

"काय लावलंस गं?"

"लेप. लालबागच्या सोनूबायचा. घायमारीचा पाला आन् हळद."

"उरलाय थोडा?"

गुणवंतीच्या कनवटीला केळीच्या पानात बांधलेली पुडी होती. ती तिनं काढली खरी, पण लगेच पुढं केली नाही. "तुना कुठं लागलंय?"

"लागलं नाही. बघायचाय मला."

"लेप काय बघायचा असतो?" गुणवंती म्हणाली. पण तळपद्यांचं घर जुनं गिऱ्हाईक, नाही कसं म्हणणार? तिनं पुडी दिली. जाताना मात्र दारातून दोनदा मागं वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सरोजिनीनं नेहमीप्रमाणे काचेच्या बशीत पुवाच्या जंतूंचा थर लावला आणि मधोमध त्या हिरव्या-पिवळ्या लेपाचा ठिपका ठेवला. रात्रभर ऊबदार कपाटात राहिलेली बशी सकाळी बाहेर काढली, तर ठिपक्याभोवती एवढं मोठं, एवढं स्वच्छ वर्तुळ, की तिला ते खरंच वाटेना. बाकी बशीवर जंतूंची साय धरलेली आणि मध्ये धुतलेल्या काचेसारखी मोकळी जागा.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. मनमोहन वेलकर. शिस्तीचा माणूस, परदेशी शिकून आलेला. त्यांनी बशी उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"पाला कुठला?"

"घायमारी, सर. आमच्या सज्ज्यातसुद्धा आहे. पान नुसतं मातीवर टाकलं तरी कडेकडेनं रोपं फुटतात, ती."

"मग तुमच्या सज्ज्यातला आणा."

तिनं आणला. धुतला, वाटला, गाळला, ठिपका ठेवला. दुसऱ्या दिवशी वर्तुळ होतं, नाही असं नाही. पण नखाच्या कडेएवढं. बशी तिरकी धरली तर दिसणार, सरळ धरली तर नाही.

वेलकरांनी दोन्ही बश्या शेजारी ठेवल्या. मग चष्मा काढला. "मिस तळपदे, समोरच्या टेबलावर आपण पेनिसिलीनचं काम करतो. तुम्ही चिमटा कुठला वापरलात?"

सरोजिनीचे कान तापले. हातचा निष्काळजीपणा हा त्या जागी सगळ्यांत मोठा गुन्हा. "माझा वेगळा चिमटा आहे, सर. उकळून घेतलेला."

"असेल," ते म्हणाले. त्या 'असेल'मध्ये 'नसेल'च जास्त होतं. "ती बाई राहते कुठे?"

"लालबागला. मणियार चाळीत असं गुणवंती म्हणाली."

हे उत्तर तिनं किती सहज दिलं, ते तिला पुढं पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

जानेवारीतला गोळीबार होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' ही अक्षरं भिंतीभिंतींवर गेरूनं लिहिलेली, काही पुसलेली, पुसलेल्यावर पुन्हा लिहिलेली. ट्राम पुन्हा सुरू झाल्या होत्या, पण गिरणगावातून जाताना गाडीतली माणसं बोलायची थांबत. दवाखान्यादवाखान्यांत साध्या वेषातली माणसं येऊन गेली होती. गोळीची जखम आली तर कळवा म्हणून. अच्युतकडेही येऊन गेली होती. त्यानं "बरं" म्हटलं होतं आणि त्या दिवसापासून जेवताना तो फारसं बोलत नसे.

अशा दिवसांत सरोजिनी गुणवंतीला घेऊन लालबागला गेली. हातात पिशवी, पिशवीत बाटल्या, पायांत बूट.

चाळीच्या जिन्यातच तिला जाणवलं. वरच्या मजल्यावर बायकांचा गलबला चालला होता. तिच्या बुटांचा आवाज वर पोचला तसा तो कमी कमी होत गेला, आणि ती गॅलरीत आली तेव्हा फक्त स्टोव्हचे आवाज उरले. तांदूळ निवडणाऱ्या एका बाईनं सूप उचललं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

सोनूबाई उंच, काळीसावळी, कपाळ कुंकवावाचून मोकळं. नवरा गिरणीत होता, तो वारलेला. ती लालबागच्या बाजारात मासळी विकायची. गॅलरीत रॉकेलच्या डब्यांतून घायमारी नुसती माजलेली होती. जाड, मांसल पानं, कडा कातरलेल्या. पण सरोजिनीला एक गोष्ट खटकली. एका ओळीत चार डबे, आणि त्यातल्या दोन डब्यांतली झाडं ओरबाडून पार बोडकी केलेली. काट्याकुट्यांना इतका पाला लागतो?

"सोनूबाई, तुमच्या लेपानं गुणवंतीचा हात बरा झाला," ती म्हणाली. "मला जरा माहिती हवी होती. कुणाकुणाला लावता? कसल्या जखमांना? किती दिवसांत भरतात?"

सोनूबाईनं तिच्याकडे न बघता गुणवंतीकडे बघितलं. गुणवंतीनं मान खाली घातली.

"कोन इचारतंय?" सोनूबाईनं विचारलं.

"मी. प्रयोगशाळेत असते, परळला."

"सरकारी?"

सरोजिनी अडखळली. अनुदान सरकारचं होतं. "तसं... थोडं सरकारी."

"आमी कुनाला नाय लावत. काटा लागला, कोयता लागला, तर शेजारीपाजारी मागून नेतात."

"माझ्यासमोर थोडा वाटून दाखवाल?"

सोनूबाई उठली. मुद्दाम सावकाश. पानं तोडली, स्टोव्हवर शेकली, पाट्यावर हळदीबरोबर वाटली. वाटताना तिचा डावा हात सवयीनं मागच्या कोनाड्याकडे गेला, आणि मध्येच थबकून परत आला. क्षणभराचंच काम. पण सरोजिनीचा सगळा दिवस दुसऱ्यांच्या हातांकडे बघण्यात जायचा. तिच्या मनात पाल चुकचुकली.

लेप घेऊन ती उतरली, तेव्हा जिन्याच्या तळाशी खाकी अर्धी चड्डी घातलेला एक तरुण विडी न पेटवता तोंडात धरून उभा होता. ट्राममध्ये तो मागच्या बाकावर होता. ठाकूरद्वारला ती उतरली, तोही उतरला. तिच्या घराच्या दारावरची अच्युतची पाटी त्यानं उभं राहून वाचली आणि आला तसा निघून गेला.

समोर वाटलेल्या त्या लेपानं बशीत काय केलं? नखाच्या कडेएवढं वर्तुळ. घरच्या पाल्यासारखंच.

आता सरोजिनीचा सगळ्यांवरचाच विश्वास उडाला. गुणवंतीची पहिली पुडी अजून बाटलीत होती. तिनं तिचा पुन्हा ठिपका ठेवला. पहिल्या वेळी एवढं रान मोकळं करणारा तो लेप आता काहीच करीना. फक्त ती पुसट कड उरलेली. आठ-दहा दिवसांत जोर ओसरला? पाल्याचा असा ओसरत नाही. घरच्या पाल्याचा जुना रस तर तसाच होता. कुठंतरी पाणी मुरत होतं.

तिनं गुणवंतीला खोटं सांगितलं. आईच्या पायाला गळू झालंय, थोडा ताजा लेप आणून दे. आई त्या वेळी देवळात गेली होती म्हणून बरं. गुणवंतीनं आणून दिला, पण पाटी उचलताना म्हणाली, "बाय, आई तर मना नाक्यावर भेटली. बरी चालत व्हती." आणि त्यानंतर ती यायची बंद झाली.

ताज्या लेपाचं वर्तुळ पुन्हा तसंच भलंमोठं आलं. मग सरोजिनीनं एक वेगळी गोष्ट केली. एका इस्पितळाच्या वॉर्डातून प्रयोगशाळेत आलेले काही हट्टी जंतू होते. पेनिसिलीनला दाद न देणारे. त्यांचा थर बशीत लावला, एका बाजूला घरच्या पाल्याचा रस ठेवला, दुसऱ्या बाजूला सोनूबाईचा ताजा लेप.

सकाळी बशी उघडली आणि ती स्टुलावर बसली. हट्टी जंतूंवर सोनूबाईच्या लेपाचं मोठं वर्तुळ उमटलंच नव्हतं. दोन्हीकडे तीच पुसट, केविलवाणी कड होती, पाल्याची. साध्या जंतूंवर जे मोठं उमटत होतं ते पेनिसिलीनचं होतं. कुणीतरी पाल्यात पेनिसिलीनची पूड मिसळत होतं. ओल्या लेपात ती थोडे दिवस टिकायची आणि मग मरायची.

आधी तिला सुटल्यासारखं वाटलं, की चिमटा स्वच्छ होता. मग संतापली. अडाणी माणसांना घायमारीच्या नावाखाली चोरीचं औषध फासणारी बाई! पेनिसिलीन काही बाजारात मासळीबरोबर मिळत नाही. इस्पितळातून आल्याशिवाय ते कोनाड्यात येत नाही.

त्याच दुपारी ती एकटी लालबागला गेली.

या वेळी सोनूबाईनं तिला उंबऱ्यावरच अडवलं. "गुणवंती नाय हाय हितं."

"मी तुमच्याकडेच आलेय. लेपात पेनिसिलीन आहे, सोनूबाई."

तो शब्द उच्चारायचा अवकाश, आतून कुणीतरी तिचा दंड धरून तिला खोलीत ओढलं आणि दाराला कडी घातली. ट्राममधला तरुणच होता तो.

"कुणी सांगितलं?" तो म्हणाला. आवाज हळू, पण हात अजून तिच्या दंडावर.

"सोडा आधी मला. कुणी नाही सांगितलं. बशीत दिसलं."

"बशीत काय दिसतं? सरळ सांगा बाई, कोणत्या चौकीवरून आलात?"

"लहू," सोनूबाई आपल्या थोरल्याला म्हणाली, "हात सोड तिचा."

त्यानं सोडला. सरोजिनीनं दंड चोळला आणि तेव्हाच तिच्या नाकात तो वास शिरला. हळदीच्या, मासळीच्या, रॉकेलच्या वासाखाली दडलेला, तिच्या रोजच्या ओळखीचा. पुवाचा. तिनं वर पाहिलं. पोटमाळ्यावर मळकं लुगडं पडद्यासारखं लावलं होतं आणि त्यामागं कुणीतरी दात आवळून श्वास घेत होतं.

मग सोनूबाई खाली बसली.

"धाकटा हाय माझा. महादेव," ती म्हणाली. "बदलीवर जातो गिरनीत. काम नाय मिलालं म्हनून परत येत व्हता. गर्दी धावली तसा धावला. मांडीतून गोली गेली, इकडून तिकडं."

"इस्पितळात का नाही नेलं?"

लहू हसला, पण ते हसू नव्हतं. "मी इस्पितळातच वॉर्डबॉय आहे, बाई. तिथं गोळीवाल्यांच्या खाटेजवळ पोलिस बसतो. बरा झाला की दंगलखोर म्हणून उचलतात."

"म्हणून बाटल्यांच्या तळाशी उरलेलं औषध आणता."

"उरलेलंच. कुणाच्या तोंडचं नाही काढलं." त्यानं नजर चुकवली. "एकदा पुरी बाटली आणली. एकदाच."

"माझ्या सासूचा लेप नुस्त्या पाल्याचा," सोनूबाई म्हणाली. "काट्याला पुरतो, कोयत्याला पुरतो. गोली काय शिंगाल्याचा काटा हाय? लहू म्हनला, ही पूड घाल. घातली. त्याच वाटीतला उरला तो गुणवंतीला दिला. चुकलं माझं, तिथंच चुकलं."

सरोजिनीचा राग कुठं गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. ती शिडी चढली. महादेव विशीतला, गाल आत गेलेले, अंग तापानं फणफणलेलं. तिच्याकडे बघून त्यानं भिंतीला अंग चिकटवलं. मांडीवरचा लेप तिनं बाजूला केला. सुरुवातीला भरत आलेली जखम पुन्हा उकललेली होती, कडा जांभळ्या, आत पिवळं.

"आधी बरी होती," लहू खालून म्हणाला. "दहा दिवसांपासून काही लागूच पडत नाही. मी पूड वाढवली तरी."

वॉर्डातून येणारे जंतू. पेनिसिलीनला दाद न देणारे. सरोजिनीच्या डोळ्यांसमोर सकाळची बशी आली, आणि तिच्या मागोमाग आणखी एक विचार. हे जंतू या पोटमाळ्यावर आले कुणाच्या हातांवरून? दिवसभर वॉर्डात राबून संध्याकाळी भावाची जखम बांधणाऱ्या हातांवरून? तिनं लहूकडे पाहिलं. तो वर बघत होता, तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते शोधत. तिनं ते बोलून दाखवलं नाही. कधीच नाही.

"मला थोडा पू कापसावर न्यावा लागेल," ती म्हणाली. "कुठलं औषध चालेल ते बघायला."

"नाही!" लहू शिडीला आडवा झाला. "पू नेणार, सायबाला दाखवणार, साहेब विचारणार, कुणाचा. मग?"

"मग काय करू? निघून जाऊ?"

लहू आईकडे वळला. शेवटी सोनूबाई म्हणाली, "ने." आणि ती जिना उतरेपर्यंत कठड्याशी उभी राहून बघत राहिली. सरोजिनीनं वर पाहिलं, तेव्हा सोनूबाईचे ओठ हलले नाहीत, हातही नाही.

कापूस बशीवर फिरवला. संशय खरा निघाला. पेनिसिलीनच्या ठिपक्यावरून जंतू मजेत वाढले होते. पण कपाटातल्या एका नव्या औषधाभोवती लख्ख वर्तुळ होतं. ती ते बघत असतानाच पाठीमागून वेलकरांचा आवाज आला.

"हा कसला पू?"

"गळवाचा, सर. शेजारच्या मुलाच्या."

"गिरगावातल्या शेजारच्या?" ते बशीवर वाकले. "की लालबागच्या? तुम्ही परवा अर्धी रजा घेतलीत. जरा जपून, मिस तळपदे. दिवस बरे नाहीत. आपल्या संस्थेचं नाव कुठल्या भानगडीत यायला नको."

त्यांच्या स्वरात काळजी होती की धमकी, हे तिला सांगता येईना. तिनं बशी उकळत्या पाण्यात टाकली आणि ते जाईपर्यंत त्या पाण्याकडे बघत उभी राहिली.

घरी येऊन ती दवाखान्यात गेली. अच्युत शेवटचा रोगी तपासून पाटी आत घेत होता. तिनं औषधाचं नाव सांगितलं, रोग्याचं वय आणि अदमासानं वजन सांगितलं.

"जखम कसली?" त्यानं विचारलं. लगेच हात वर केला. "थांब. सांगू नकोस. तू सांगितलंस तर मला कळवावं लागेल." त्यानं कपाट उघडून कॅप्सूलची बाटली काढली, एका कागदावर कसं घ्यायचं ते लिहिलं, मग तो कागद फाडून टाकला आणि तोंडीच सांगितलं. "सरू, मला हे आवडलेलं नाही."

"मलाही नाही, दादा."

लहूला तिनं लालबागहून निघतानाच भायखळ्याच्या भाजीबाजारात भर दुपारी यायला सांगून ठेवलं होतं. कोबीच्या ढिगाआड त्यानं बाटली हातात घेतली, उघडली, एक कॅप्सूल तळहातावर काढली.

"आधी तुम्ही खा."

सरोजिनीला क्षणभर कळलंच नाही. मग तिला दिसलं, की तो थट्टा करत नव्हता. सोनूबाई उन्हात दूर उभी असेल, आणि तिनंच हे सांगून पाठवलं असेल, असंही तिला वाटून गेलं. तिनं कॅप्सूल उचलली आणि पाण्याशिवाय गिळली. घशात अडकली, डोळ्यांत पाणी आलं. लहू टक लावून तिच्याकडे बघत होता.

"पाल्याचं काय?" शेवटी त्यानं विचारलं. "आई विचारते, लावू की नको?"

"लावा. ताजा. पाटा उकळत्या पाण्यानं धुवून. पाल्यात थोडा गुण आहे, मी पाहिलाय. पण पूड घालू नका आता. आणि लहू, हात साबणानं धुवून मगच जखमेला हात लावायचा. कोपरापर्यंत."

"ते तर धुतोच," तो म्हणाला आणि गर्दीत मिसळला.

पुढं काही कळेना. रोज ती सज्ज्यात उभी राहून रस्त्याकडे बघे. ज्या माणसाच्या हातात वर्तमानपत्र असे आणि जो पान उलटत नसे, त्याचा तिला संशय येई. वर्तमानपत्रातली अटकेची नावं ती वाची. एकदा वाटलं, आपण लालबागला जावं. पण पाय उचलेना.

आणि मग एका सकाळी गुणवंती दारात उभी राहिली. पाटी डोक्यावरच.

"पोलिस आले व्हते," ती म्हणाली. "मनियार चालीत. सोनूबायची खोली उलटीपालटी केली. पोटमाला आधी बघितला, बाय. कुनी सांगितल्याबिगर पोटमाला आधी बघतात?"

सरोजिनी दारापुढं आली. "महादेव?"

"तो कुठला असायला!" गुणवंतीच्या आवाजात अभिमानही होता आणि विखारही. "तू कापूस घेऊन जिना उतरलीस, आन् सोनूबायनं त्याच दुपारी त्याला हलवला. हातगाडीवर, जाल्यांच्या ढिगाखाली. म्हनाली, बाई चांगली असंल, पन मी पोर तिच्या चांगुलपनावर ठेवत नाय. म्हनून वाचला."

"मी नाही सांगितलं, गुणवंती. आईची शपथ."

गुणवंतीनं डोक्यावरची पाटी सावरली. "तू नाय. मग कोन?"

सरोजिनीच्या मनात एकच नाव आलं. मणियार चाळ, असं तिनंच त्यांना सांगितलं होतं. पण पोलिस त्या आठवड्यात लालबागच्या निम्म्या चाळींतून फिरले होते आणि पोटमाळा कुठल्याही चाळीत आधीच बघतात, असंही म्हणता येत होतं. पुरावा कसलाच नव्हता. बशीत घालून बघता येईल अशी ही गोष्ट नव्हती.

त्याच आठवड्यात वेलकरांनी तिला बोलावलं. घायमारीवर टिपण लिहायचं होतं. मोठं वर्तुळ, त्याचा फोटो, लेप कुठून आला, कुणी बनवला, सगळं.

"सर," सरोजिनी म्हणाली, "ते मोठं वर्तुळ खोटं होतं. तुमचं बरोबर होतं. चिमटा पेनिसिलीनच्या टेबलावरचा होता. माझ्या हातून चूक झाली."

वेलकर खुर्चीत मागं रेलले. त्यांनी तिच्या चेहऱ्यावर जे शोधलं ते त्यांना सापडलं की नाही, कुणास ठाऊक. "मग तेव्हा का नाही कबूल केलंत?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुमची, सर," ती म्हणाली. हे मात्र खरं होतं.

टिपण निघालं ते चार ओळींचं. घायमारीच्या पानाच्या रसात पुवाच्या जंतूंना आवर घालणारा सौम्य गुण आढळतो, हट्टी जंतूंवरही; अधिक अभ्यास व्हावा. अभ्यास कुणी केला नाही. सरोजिनीला दुधाचे नमुने तपासायच्या कामाला लावलं आणि पेनिसिलीनच्या टेबलापासून तिचं टेबल दूर हलवलं. नवीन आलेल्या मुलींना तिच्याबद्दल काय सांगितलं जाई ते तिला ठाऊक होतं. वेलकर रोज "गुड मॉर्निंग" म्हणत आणि ती रोज त्यांच्या डोळ्यांकडे बघे. त्यांनीच सांगितलं असेल का? ते निवृत्त झाले तरी याचं उत्तर तिला मिळालं नाही.

गुणवंतीचा हात नेमका पाल्यानं बरा झाला की त्यातल्या पेनिसिलीननं, हेही तिला कधी ठरवता आलं नाही.

महादेव जगला. हे गुणवंतीनं सरळ सांगितलं नाहीच. श्रावण सरल्यावर एकदा बोंबील मोजता मोजता ती म्हणाली, "लंगडतो थोडा." कोण, हे सरोजिनीनं विचारलं नाही. आत जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं.

गणपती होऊन गेले आणि एका सकाळी कामावर जाताना ती लालबागला उतरली. बाजारात सोनूबाई आपल्या जागेवर होती, पुढ्यात सुरमई आणि हलवा. सरोजिनी समोर उभी राहिली तरी तिनं मान वर केली नाही.

"सुरमई द्या," सरोजिनीला म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं, "कशा आहात?"

"बरी हाय." सोनूबाईनं कोयत्यावर सुरमई धरली, तुकडे केले, शेपटीकडचा बाजूला काढून मधला चांगला तुकडा जास्तीचा घातला. पुडा बांधला. पैसे घेतले, सुटे परत दिले. मग पहिल्यांदाच तिनं सरोजिनीच्या डोळ्यांत बघितलं.

"औषद खरं व्हतं तुझं," ती म्हणाली. "पन चालीत परत येऊ नको, बाय."

"नाही येणार," सरोजिनी म्हणाली. पुडा पिशवीत टाकत तिनं विचारलं, "घायमारी लावता का अजून? कुणाला?"

सोनूबाईनं शेजारणीकडे एक नजर टाकली. मग पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली आणि सुरमईवरच्या माशा हाकलू लागली.